तीन वाजले की नेट जातं

सोमवार, ता. ४

आज पुन्हा गेलं, आणि नेमकं नको तेव्हा.

औषधवाली 'पावती'च्या पहिल्या अक्षरावर अडकली होती. ओठ घट्ट मिटलेले, मान जराशी डावीकडे. मी थांबले. अडखळणाऱ्या माणसाचा शब्द आपण पुरा करायचा नाही, हा आमच्या कामातला पहिला नियम. घड्याळाकडे बघायचं नाही, 'हं, हं' म्हणून ढकलायचं नाही, चेहऱ्यावर कीव आणायची नाही. मी थांबले, थांबतच राहिले, आणि बऱ्याच वेळाने ध्यानात आलं की ती अडकलेली नाही, चित्र अडकलंय. पॅसेजमध्ये जाऊन बघितलं तर राउटरवर लाल दिवा.

पुन्हा जोडणी झाली तेव्हा ती म्हणाली, "मला वाटलं तुम्ही कं… कंटाळून बंद केलंत."

एवढं एक वाक्य बोलायला तिला किती कष्ट पडले ते मी पाहिलं. ती औषधांच्या दुकानात मागच्या बाजूला खोकी लावते. तिला पुढे काउंटरवर उभं राहायचं आहे, एवढीच तिची मागणी. दुकान दुपारी बंद असतं म्हणून तिची वेळ तीनची. सकाळच्या दोघा पेशंटच्या वेळी नेटला काहीही होत नाही. तीन वाजले की याच्या अंगात येतं.

हॉस्पिटलमधला आमचा वाचा-उपचार विभाग बंद झाल्यावर मिळालेलं हे पहिलं काम. संस्थेने महिनाभर बघू म्हटलंय. सेशन वारंवार तुटत असतील तर ठेवणार नाहीत. तसं स्पष्ट सांगितलंय, आणि त्यात त्यांचं काही चुकतं असंही मला वाटत नाही. नेट कधी कधी जातं त्याची नोंद ठेवावी म्हणून ही वही काढली, आणि नोंद सोडून बाकीचंच लिहीत बसले.

मंगळवार, ता. ५

आजही गेलं. दोनदा.

कस्टमर केअरला फोन केला. पलीकडचा मुलगा फार गोड बोलत होता. "मॅडम, राउटर बंद करून चालू केलात का?" केला. "परत एकदा करून बघता का?" केला. "आता कसं आहे?" आता चालू आहे. "मग छान झालं ना, मॅडम! आणखी काही मदत करू?"

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, शेजारचे आपलं नेट चोरत असणार. त्यांचा मुलगा हल्ली फारच प्रेमाने नमस्कार करतो." पासवर्ड बदलला. नवीन पासवर्ड अप्पांना सांगायला गेले तर म्हणाले, "मला नको. तुझी लाइन मोकळी राहू दे."

सासरे म्हणून सांगत नाही, पण अप्पांसारखा समजूतदार माणूस मिळायचा नाही. जन्मभर बस डेपोत माइकवर गाड्या पुकारल्या. घरातही आवाज तोच. पहिल्या दिवशी माझं सेशन चालू असताना ते बाहेरच्या खोलीत फोनवर त्यांच्या दाढीवाल्या मित्राशी बोलत होते, तर औषधवालीने विचारलं, "तुमच्याकडे कोणी भां… भांडतंय का?" तेव्हा मी अप्पांना विचारलं, तीन ते चार तुम्ही आतल्या खोलीत बसाल का, दार लावून? ते म्हणाले, "बसतो की! फलाट रिकामा करतो." कुठलीही कुरकुर नाही.

गुरुवार, ता. ७

लाइनवाला सकाळी आला. खांबापासून खिडकीपर्यंत तपासलं, खिडकीपासून राउटरपर्यंत तपासलं. वायर अप्पांच्या खोलीच्या खिडकीतून आत येते, त्यांच्या लोखंडी कपाटाशेजारून भिंतीला चिकटून खाली उतरते आणि कडेकडेने पॅसेजमध्ये जाते. त्याच्या यंत्रावर सगळं उत्तम. "ताई, तुमच्याकडे तर एक नंबर सिग्नल येतोय. असा माझ्या घरी येत नाही."

"पण तीनला जातो."

"तीनला मला बोलवा."

"याल?"

"तीनला माझी जेवणाची वेळ असते."

तो गेला, आणि तीन वाजून गेल्यावर नेट गेलं. मला हसू आलं आणि मग एकदम रडू. उन्हाने वायर तापत असेल का? दुपारी सगळे ऑनलाइन असतात म्हणून? मला या विषयातलं काही कळत नाही, हे कबूल करायला मला इतकं जड का जातं? हॉस्पिटलमध्ये एखादं यंत्र बिघडलं की मी निमूटपणे चिठ्ठी लावून मोकळी होत असे. इथे वाटतं, बिघाड माझा आहे.

अप्पा आता सेशनच्या वेळी फोनही बंद करून ठेवतात. "त्याच्या लहरी मध्ये येत असतील तर?" म्हणाले. येत नाहीत असं मी सांगितलं, पण खात्री कोणाला आहे? नाही म्हटलं नाही.

रविवार, ता. १०

नवऱ्याने राउटर फ्रिजवर नेऊन ठेवला. उंचावर असलं की लहरी मोकळ्या पसरतात असं त्याला ऑफिसात कोणी सांगितलं. आता फ्रिज उघडला की राउटर हलतो, आणि नवरा "हळू, हळू!" म्हणून ओरडतो, जसं काही त्यावर बाळ निजलंय.

एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. अप्पांचा आवाज उतरलाय. जेवताना मीठ मागितलं तेही मला दुसऱ्यांदा विचारावं लागलं. पूर्वी त्यांनी मीठ मागितलं की वरच्या मजल्यावरून कोणी आणून देईल अशी भीती असायची. या वयात स्वरतंतू सैल पडतात, आवाजातला जोर जातो, आणि घरच्यांच्या लक्षात सगळ्यात शेवटी येतं. माझ्यासारख्या बाईच्या घरात तरी असं होता कामा नये. त्यांना समोर बसवून तपासलं. 'आ' लांबवायला लावला. गंमत म्हणजे 'आ' चांगला दणदणीत निघाला; खिडकीतलं कबूतर उडालं. मग पुन्हा बोलायला लागले तर परत तेवढंच हळू. थकवा असेल. वाफ घ्यायला सांगितलं, रोज सकाळी दहा मिनिटं व्यायाम दिला.

"सूनबाई," ते म्हणाले, "आवाज वाढवायचा व्यायाम सकाळी करू, आणि दुपारी तोंड मिटून बसू. असंच ना?"

मी म्हटलं, "असंच."

मंगळवार, ता. १२

आज गेलं नाही! पूर्ण तासभर एकदाही लाल दिवा नाही. औषधवालीने सलग चार वाक्यं वाचली. नवरा फ्रिजकडे बोट दाखवून म्हणाला, "बघ. म्हटलं नव्हतं?"

घरही शांत होतं. अप्पा दुपारभर त्यांच्या दाढीवाल्या मित्राकडे गेले होते. त्याची बायको गेल्यापासून तो एकटाच असतो, तेव्हा गेले ते बरंच झालं.

बुधवार, ता. १३

फ्रिजचा महिमा एका दिवसात संपला. आज तीनदा गेलं. तिसऱ्या वेळी औषधवालीने परत जोडणी केलीच नाही. नंतर मेसेज आला: "उद्या बोलू." मेसेजमध्ये ती अडखळत नाही, आणि म्हणून तिचे मेसेज वाचताना मला नेहमी वाटतं की ती दुसरीच कोणी बाई आहे, जरा करारी.

त्यातच संस्थेच्या मुख्य बाईंचं कळवणं: गुरुवारी २१ तारखेला त्या तीनच्या सेशनला बसतील, काही बोलणार नाहीत, फक्त बघतील. त्यावरून ठरणार.

माझी फार चिडचिड झाली. पॅसेजमध्ये उभी राहून राउटरकडे बघत होते तेव्हा अप्पा खोलीतून बाहेर आले. अनवाणी. हल्ली घरात चप्पल घालत नाहीत, फटफट वाजते म्हणून. म्हणाले, "मी काय म्हणत होतो, तुला जर…"

मी म्हटलं, "चहा ना? ठेवते, अप्पा."

चहा दिला. त्यांनी तो घेतला. कपात बिस्कीट बुडवून काढताना मात्र ते माझ्याकडे बघत होते. चहा हवा होता की नव्हता, हे मी विचारलं नाही, असं आता लिहिताना लक्षात येतंय. जाऊ दे. इतक्या बारीकसारीक गोष्टींचा कीस पाडत बसले तर वेड लागेल.

शुक्रवार, ता. १५

नवऱ्याने ऑफिसातून नवा राउटर मागून आणला. काल त्याच्यावरही गेलं. म्हणजे राउटर नाही. शेजारी नाहीत. खांब नाही. उरतं काय?

अप्पांनी त्यांच्या औषधांच्या चिठ्ठीची एक झेरॉक्स मागितली. "एक जवळ असलेली बरी." काढून दिली. माणूस या वयातही स्वतःचं स्वतः बघतो, याचं कौतुक वाटलं.

सोमवार, ता. १८

सापडलं! सापडलं, सापडलं, सापडलं.

सेशन सुरू होऊन थोडाच वेळ झाला होता. चित्र थिजलं. मी मोबाइलचं नेट लावू म्हटलं तर बॅटरी संपलेली, आणि चार्जर अप्पांच्या खोलीत. दार ढकलून आत गेले. अप्पा कपाटासमोर उभे. पलंगावर कपड्यांच्या घड्या, तीन ढीग. कपाटाचं डावं दार पार भिंतीपर्यंत उघडलेलं, त्याची कड भिंतीला टेकलेली, आणि त्या कडेखाली, चिमटीत धरल्यासारखी, आपली वायर.

"अप्पा, हलू नका!"

ते दचकले. "काय झालं? पाल आहे का?"

मी दार इंचभर पुढे ओढलं आणि धावत पॅसेजमध्ये गेले. लाल दिवा गेला, हिरवा आला. परत जाऊन दार भिंतीला टेकवलं. लाल. ओढलं. हिरवा. मला नाचावंसं वाटलं. लाइनवाला आला होता तेव्हा कपाट बंद होतं, मग त्याला काय दिसणार!

"तुम्ही रोज याच वेळेला कपाट उघडता?"

"तू तिकडे बसतेस तेव्हा मी इथेच ना? मग काय करणार? आवरतो थोडं थोडं."

"रोज?"

"हळूहळू आवरतो. आवाज होऊ नये म्हणून दार पार मागे टेकवून ठेवतो. मध्येच सोडलं की करकरतं."

मी कपाळावर हात मारून घेतला. अप्पा त्या वायरकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे इतके दिवस मीच होतो होय."

"तुम्ही नाही हो. दार!"

"दार काय आपणहून उघडत होतं?"

मी इतकी हसले की डोळ्यात पाणी आलं. तेही हसले.

संध्याकाळी नवऱ्याने आणि मी कपाट हातभर उजवीकडे सरकवलं. मला वाटलं होतं कोणाला तरी हाताखाली बोलवावं लागेल, लोखंडी कपाट आहे. पण दोघांना सहज सरकलं. नवरा म्हणाला, "आपल्यात अजून दम आहे म्हणायचा." वायरला वर दोन खिळे मारून तिला दारापासून लांब नेलं. अप्पा हातोडी हातात देत होते.

मंगळवार, ता. १९

नेट अखंड. औषधवाली आज मोकळी होती. स्वतःहून म्हणाली, काउंटरवर एका गिऱ्हाइकाला तिने गोळ्या कधी घ्यायच्या ते सांगितलं. मालक बाहेर गेला होता तेव्हा. दोनदा अडखळली, गिऱ्हाईक थांबलं.

मग मला स्वस्थ का वाटत नाही? बिघाड गेला, आणि मी अजून मध्येच उठून राउटर बघून येते. तो शहाण्यासारखा हिरवा असतो. घरात चमच्याचाही आवाज नाही. मी अप्पांना सांगितलंसुद्धा की आता बाहेर बसलात तरी चालेल, फक्त फोनवर बोलू नका. ते म्हणाले, "आत बरं आहे."

वाळत घातलेल्या कपड्यांत हल्ली फक्त माझे आणि नवऱ्याचे असतात. अप्पा त्यांचे स्वतः धुऊन खोलीतच वाळवत असतील. त्याची काही गरज नाही, असं सांगायला हवं.

संध्याकाळी त्यांनी विचारलं, "आता तुझं काम पक्कं?"

"गुरुवारी मुख्य बाई बघणार. मग पक्कं."

"तीनला?"

"तीनला."

"तासभर तू उठणार नाहीस."

"भूकंप झाला तरी नाही."

"बरं," म्हणाले. माझ्या कामाची माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त काळजी आहे.

गुरुवार, ता. २१, संध्याकाळ

जसं झालं तसं लिहिते. मागाहून माझ्याकडूनच त्याला रंग चढेल.

तीनला औषधवाली आली. मुख्य बाईंचा चौकोन काळा, खाली त्यांचं पद लिहिलेलं. सगळं छान चाललं होतं. मी काउंटरपलीकडची गिऱ्हाईक झाले होते. खोकल्याचं औषध मागत होते. ती मला सांगत होती की हे औषध घेतल्यावर झोप येते, गाडी चालवू नका.

तेवढ्यात दाराच्या लॅचचा आवाज झाला. आवाज म्हणजे, झालाच नाही. आमचं लॅच खटकन बसतं. ते खटकन बसू नये म्हणून कोणी तरी बोटाने दाबून धरून हलके हलके सोडलं की जे काही होतं, ते झालं. इतकी काळजी घेऊन कोणी पाच मिनिटांसाठी बाहेर पडत नाही.

आणि मला ते कपाट आठवलं. भरलेलं लोखंडी कपाट दोन माणसांना असं सरकत नाही. ते तीन ढीग, ती झेरॉक्स, गुरुवारी तीनला तू उठणार नाहीस ना. सगळं मी पाहिलं होतं, इथे लिहूनही ठेवलं होतं, कौतुकासकट.

मी म्हटलं, "मला उठायला हवं. घरात एक गोष्ट आहे. माफ कर."

औषधवालीने तोंड उघडलं. ती काहीतरी म्हणणार होती, आणि अडकली. जीभ दातांमागे टेकलेली, मान डावीकडे. जिन्यावर पावलं वाजत नव्हती, पण मला ती उतरताना दिसत होती. तिचा शब्द काय असेल ते मी ओळखू शकत होते, तो तिच्या हातात देऊन पळू शकत होते. हात टेबलाची कड धरून बसला होता. मी थांबले. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. चित्र थिजलेलं नव्हतं; राउटर हिरवा होता.

"मी थ… थ… थांबते," ती म्हणाली. "जा."

लॅपटॉप तसाच उघडा टाकून मी गेले.

अप्पा दुसऱ्या मजल्याच्या वळणावर होते. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात चपला. मला बघून आधी घाबरले.

"नेट गेलं?"

"नाही."

"मग वर जा. त्या बाई बघतायत ना तुझं काम?"

"कुठे निघालात?"

"दाढीवाल्याकडे. त्याची मागची खोली मोकळी आहे. आधी जाऊन बघून आलोय मी. पोचलो की फोन करणारच होतो. तुम्हा दोघांवर राग वगैरे काही नाही, तसलं काही मनात आणू नकोस."

"किती दिवस?"

ते गप्प झाले. माझ्याकडे त्यांच्यासाठी वाक्यं तयार होती. दोन-चार दिवस. हवापालट. मित्र एकटा आहे म्हणून. कुठलंही दिलं असतं तर त्यांनी 'हो, तेच' म्हणून घेतलं असतं, जसा त्या दिवशी चहा घेतला. मी जिन्याच्या पायरीवर बसले. बसल्यावर तेही कठड्याला टेकले. खालच्या मजल्यावर कोणीतरी बादली भरत होतं, ती भरून वाहायला लागली, नळ बंद झाला.

मग ते इतक्या हळू बोलले की मला एक पायरी खाली सरकावं लागलं.

"घरात असून नसल्यासारखं राहायचं, ते जमतंय का बघत होतो. तुझ्या कामासाठीच. वाईट काही नाही त्यात. पण जमायला लागलं गं. एकटा असलो तरी दार हळूच लावायला लागलो. त्याची मला भीती वाटली."

मी त्यांच्या गळ्याला व्यायाम दिले होते.

बॅगेचा एक बंद मी धरला. दुसरा त्यांनी सोडला नाही. तशीच ती दोघांनी धरून आम्ही वर आलो. दारात ते म्हणाले, "आज येतो. उद्याचं मला विचारू नकोस." मी विचारलं नाही.

औषधवाली खरंच थांबली होती. तिच्यामागे दुकानाचं शटर अर्धं वर झालेलं दिसत होतं. तिची कामावर जायची वेळ होऊन गेली होती. मुख्य बाईंचा चौकोन नव्हता. त्यांचं कळवणं नंतर आलं: सेशन मध्येच खंडित झालं, त्याचं कारण आजच कळवावं.

नवरा घरी आल्यावर त्याला सगळं सांगितलं. तो बराच वेळ अप्पांच्या दाराकडे बघत बसला. मग माझ्यासाठी म्हणून म्हणाला, "त्यांना लिही ना, लाइन गेली. इतक्या वेळा गेलीये, एकदा आणखी. कोण तपासायला येतंय?"

खरं आहे. इतकं आयतं कारण पुन्हा मिळायचं नाही. मी ते लिहिलंसुद्धा, आणि पुसलं. लिहिलं: 'नेट व्यवस्थित होतं. घरातल्या माणसाकडे जाणं आवश्यक होतं, म्हणून मी उठून गेले.' पाठवलं. यावर त्या मला ठेवणार नाहीत, असं मला वाटतं. औषधवालीला दुसरं कोणी मिळेल, ते थांबणारं असेल की नाही कोण जाणे. याची मला टोचणी आहे, आणि जिन्यात गेल्याची नाही. दोन्ही एकाच वेळी कसं असू शकतं ते मला अजून उमगत नाही.

अप्पा खोलीत आहेत. दार उघडं आहे. बॅग पलंगाच्या पायथ्याशी आहे, चेन लावलेली. मघाशी पाणी द्यायला गेले तेव्हा ती उघडून कपडे कपाटात लावून टाकावेत असं मनात आलं होतं. ती मी उघडायची नाही.